वर्दळीच्या ऑफिससाठी कार्पेट टाइल: सूत कोणतं, बॅकिंग कोणतं?

ऑफिसात आता बहुतेक ५० बाय ५० सेंटिमीटरच्या टाइलच घालतात, आणि ते बरोबरच आहे. चहा सांडला तर तेवढा चौकोन उचलून नवा बसवता येतो. घोळ सुरू होतो तो सूत निवडताना.

पॉलिप्रॉपिलीन स्वस्त असतं, पाणी शोषत नाही, त्यामुळे कोटेशनमध्ये तेच वर दिसतं. पण दबलेलं सूत पुन्हा नीट उठत नाही. लिफ्टसमोर आणि खुर्च्यांच्या चाकांखाली चपटे, चकाकणारे पट्टे उमटतात. नायलॉन महाग, पण पायाखाली दबून पुन्हा उभं राहतं. त्यातही सूत ओढण्याआधीच वितळलेल्या नायलॉनमध्ये रंग मिसळलेला असेल, तर तो उन्हाला आणि हाउसकीपिंगच्या रसायनांना जास्त दाद देत नाही. दाट, आखूड लूप पाइल (वर न कापलेल्या सुताची वेटोळी असलेलं कार्पेट) घ्या. लोकर दिसायला देखणी, पण कसर लागते. मला ती फार तर संचालकांच्या केबिनपुरती पटते.

पर्यावरणाच्या बाबतीतही माझं मत नायलॉनलाच, त्यातही नायलॉन ६ या प्रकाराला. ते रासायनिक प्रक्रियेने कॅप्रोलॅक्टम या मूळ कच्च्या मालापर्यंत मोडून पुन्हा नवं सूत काढता येतं. इटलीची अ‍ॅक्वाफिल कंपनी २०११ पासून जुनी मासेमारीची जाळी आणि कार्पेटचा कचरा वापरून ‘इकोनिल’ हे सूत बनवते. मात्र ‘ग्रीन’ असं नुसतं छापलेलं पाहून भुलू नका. पुनर्वापरित माल सुतात किती आणि बॅकिंगमध्ये, म्हणजे टाइलच्या खालच्या थरात किती, हे वेगवेगळं विचारा. जुन्या टाइल परत कोण नेणार, हेही लेखी घ्या.

आवाजाचा हिशेब बॅकिंगवर ठरतो. बिटुमेन (डांबर) बॅकिंगची टाइल जड असते, सपाट बसते. जाड फेल्ट (दाबलेल्या तंतूंचा मऊ थर) बॅकिंगची टाइल पावलांचा आणि खुर्च्या सरकण्याचा आवाज खालच्या मजल्यावर बराच कमी पोचू देते, खोलीतला आवाजही जास्त शोषते. तरी काँक्रीटवर थेट घातलेल्या साध्या कार्पेटचा एनआरसी (आवाज किती शोषला जातो याचं माप; ० म्हणजे काहीच नाही, १ म्हणजे जवळजवळ सगळा) ०.२ ते ०.३ च्या आसपासच असतो, आणि तेही मुख्यतः उंच स्वर शोषून. कॉल सेंटरमधला बोलण्याचा गलका कमी करायचा तर छताला आवाज शोषणाऱ्या अकूस्टिक टाइल हव्यातच. तिथलं बजेट कापून महागडं कार्पेट घेऊ नका.

तळमजल्यावर, विशेषतः मुंबई-कोकणात, आधी स्लॅबची ओल मोजून घ्या. ओल असेल तर फेल्ट नकोच.