वरच्या पाच डिस्क खऱ्या होत्या

लग्नाच्या डीव्हीडीचा धंदा आता जवळजवळ बसला. लोक पेनड्राइव्ह मागतात, काही जण तर तोही नको म्हणतात, लिंक पाठवा म्हणतात. तरीही हे लिहितोय, कारण पांढऱ्या तोंडाच्या प्रिंटेबल डिस्क घेणारे अजून आहेत. स्कॅन सेंटरवाले पेशंटला त्यावर देतात, वकील मंडळी सीसीटीव्हीचं फुटेज त्यावर घालून कोर्टात जोडतात. आणि मी ज्या पद्धतीने फसलो, ती पद्धत अजून चालू आहे.

विट्यात माझा छोटा स्टुडिओ. गोष्ट २०१२ च्या उन्हाळ्याची. एप्रिल-मे म्हणजे आमची सुगी, रोज एक लग्न, कधी दोन. प्रत्येक लग्नामागे पार्टीला चार-पाच डीव्हीडी द्यायच्या: एक नवरीकडे, एक नवऱ्याकडे, एक मामाला, एक कुणीतरी ऐन वेळी मागतोच. डिस्कवर नवरा-नवरीचा फोटो, तारीख आणि खाली माझ्या स्टुडिओचं नाव व मोबाईल नंबर. तेच आमचं व्हिजिटिंग कार्ड.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. साध्या डिस्कच्या वरच्या बाजूला कंपनीचं नाव छापलेलं असतं. प्रिंटेबलवर काहीच नसतं, नुसता शाई पिणारा पांढरा थर. डिस्क ट्रेमध्ये ठेवून इंकजेट प्रिंटरमध्ये सरकवायची, की फोटो छापून येतो. माझ्याकडे इप्सनचा टी ५० होता, बाहेरून शाईच्या बाटल्या जोडलेला. म्हणजे प्रिंटेबल डिस्कची ओळख फक्त तिच्या खोक्यावरच्या कागदावर असते. डिस्क खोक्यातून बाहेर काढली की ती कुणाचीही. हे मला तेव्हा सुचलं असतं तर पुढचं काही घडलंच नसतं.

मार्चमध्ये मुंबईचा एक माणूस स्टुडिओत आला. लॅमिंग्टन रोडला दुकान आहे म्हणाला. त्याच्याकडे ५० डिस्कचं गोल खोकं होतं, वर ताईयो युदेन या जपानी कंपनीचं नाव. आमच्या धंद्यात ताईयो युदेनच्या डिस्कला तेव्हा तोड नव्हती. सीडी-आर, म्हणजे राईट करता येणारी कोरी सीडी, ही चीजच मुळात या कंपनीने सोनी आणि फिलिप्सबरोबर बाजारात आणलेली. मला एक डिस्क सांगलीत एकोणीस रुपयांना पडायची. हा तेरा सांगत होता.

मी अगदीच बावळट नव्हतो. म्हटलं, खोकं फोडा. त्याने हसत हसत सील फोडलं, वरची डिस्क काढून माझ्या हातात दिली. मी ती लगेच कॉम्प्युटरमध्ये घातली आणि कोड बघितला. प्रत्येक कोऱ्या डीव्हीडीत कारखान्याचा एक कोड आधीच कोरलेला असतो, तो इमजीबर्नसारख्या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये दिसतो. टीवायजी ०३ आला. खरा माल. एक फाईल राईट केली, चालली. छापून बघितलं, वाळल्यावर ओलं बोट फिरवलं, रंग हलला नाही. मी बारा खोकी घेतली. सहाशे डिस्क, सात हजार आठशे रुपये रोख. बिल म्हणून त्याने वहीचं पान फाडून त्यावर आकडा लिहून दिला. पक्कं बिल हवं तर टॅक्स लागेल म्हणाला. मीही म्हटलं, राहू दे.

प्रत्येक खोक्यातल्या वरच्या पाच डिस्क खऱ्या होत्या. खालच्या पंचेचाळीस दुसऱ्याच.

ते कळायला मला नोव्हेंबर उजाडला. खुणा त्याआधीच दिसत होत्या, पण सुगीत कोण थांबतो? दोन खोक्यांत खालच्या डिस्कचा पांढरा थर मधल्या भोकापर्यंत आलेलाच नव्हता. मी हब प्रिंटेबल घेतल्या होत्या, त्यांत तो थर २२-२३ मिलिमीटर व्यासापर्यंत आत येतो. साध्या प्रिंटेबलमध्ये ४६ मिलिमीटरच्या आसपास थांबतो. माझ्या डिझाईनमध्ये नेमकी त्याच पट्ट्यात लग्नाची तारीख. शाई उघड्या प्लास्टिकवर अळवावरच्या पाण्यासारखी थांबली. मी कापसाने पुसली आणि डिझाईन बदललं. एका नवरदेवाच्या मिशा गालावर पसरल्या, माझ्याकडे कामाला असलेला पोरगा म्हणाला शाई पातळ झालीय. बोटाला चुन्यासारखी पांढरी भुकटी लागायची. त्याचंही खापर मी दमट हवेवर फोडलं. मे महिन्यात, विट्यात, दमट हवा!

आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे राईट झाल्यावरची तपासणी बंद ठेवली. आठच्या स्पीडने एक डीव्हीडी राईट व्हायला आठ-नऊ मिनिटं, व्हेरिफायला आणखी तेवढीच. रात्री अकराला चाळीस डिस्क समोर पडलेल्या असताना तो टिकमार्क मी काढून टाकला.

मग दिवाळी आली. पहिला दिवाळसण, जावई घरी आलेले, फराळ झाल्यावर सगळं घर लग्नाची डीव्हीडी बघायला टीव्हीसमोर. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी खानापूरकडच्या एका काकांचा फोन आला. "आवो, हळद बगितली, सीमांतपूजन बगितलं. अक्षता पडायच्या टायमाला टीव्ही गपगार हुतोय की वो. जावयासमोर शोभा झाली." मी म्हटलं, प्लेअर बदलून बघा. दुपारी दुसरा फोन, तोच सूर. आठवडाभरात चौदा घरांतून. बहुतेकांचं अडकत होतं ते मंगलाष्टकांच्या आसपास.

याचं कारण आता डोळे मिटून सांगतो. डीव्हीडी आतून बाहेरच्या कडेकडे राईट होते. लग्न अर्थातच हळदीपासून सुरू होतं, म्हणून हळद भोकाजवळ आणि मंगलाष्टकं, सप्तपदी, पाठवणी कडेला. हलक्या मालात डायचा, म्हणजे ज्यावर डेटा राईट होतो त्या रंगाचा, थर कडेला एकसारखा बसलेला नसतो, दोन पातळ चकत्या चिकटवलेल्या असतात तो जोडही तिथेच कच्चा असतो. त्यामुळे बिघाड कडेपासून आत सरकतो. खरेदीच्या वेळी मी राईट केलेली ती एकुलती एक फाईल एक तर खऱ्या डिस्कवर होती, आणि तीही आतल्या कडेलाच बसली होती. तिने मला काय सांगावं!

खालच्या डिस्कचा कोड तेव्हा बघितला. टीवायजी ०२. म्हणजे खोक्यावर सोळाचा स्पीड आणि कोड आठच्या स्पीडच्या डिस्कचा. त्या माणसाला फोन केला तर तो म्हणाला, "साहेब, कोड तर जपानीच आहे ना? तुमचा रायटर जुना झाला असेल." नंतर समजलं की हा कोड डिस्कच्या साच्यातून उतरतो, आणि साचा करणाऱ्याला दुसऱ्याचा कोड घालायला काहीच अडचण नसते. टीवायजी ०२ ची नक्कल तर बाजारात भरपूर. कोड चुकीचा निघाला तर माल खोटा हे नक्की, पण कोड बरोबर निघाला म्हणून माल खरा ठरत नाही. सांगलीच्या एका मित्राने त्याच्या लाईटऑनच्या ड्राइव्हवर माझ्या डिस्क स्कॅन केल्या. पीआय एरर, म्हणजे डिस्क वाचताना सापडणाऱ्या चुका, २८० च्या आत असायला हव्यात. माझ्या डिस्कची रेघ पहिल्या तीन गिगाबाईटपर्यंत ठीक आणि नंतर भिंतीसारखी सरळ वर.

तुम्ही म्हणाल, मग परत राईट करून द्यायच्या. तिथेच तर गाडं अडलं. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये थायलंडला पूर आला, हार्ड डिस्कचे कारखाने पाण्यात गेले आणि भाव दुपटीवर. मी नवी हार्ड डिस्क घेतलीच नाही. जून लागला की झालेल्या लग्नांचा डेटा पुसायचा आणि कॅमेऱ्याच्या त्याच मिनी डीव्ही कॅसेटवर नवं शूटिंग करायचं, असं चाललेलं. चौदातल्या पाच लग्नांचाच डेटा शिल्लक होता. बाकीच्या नऊ घरी फिरून मी सगळ्या कॉप्या गोळा केल्या. मामाच्या डिस्कमधून एक तुकडा, नवऱ्याकडच्या डिस्कमधून दुसरा, ड्राइव्ह बदलून बदलून, हळू स्पीडने, रात्र रात्र. सहा लग्नं जोडून निघाली. एकात मंगलाष्टकं सापडली, सप्तपदी गेली. दोनांत हळदीच्या पुढे काही नाही. त्यांचे पैसे परत केले. एका घरातल्या आजीने पैसे घेतले नाहीत, नुसतं बघत राहिल्या. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं.

कुणीही त्या मुंबईच्या माणसाला नाव ठेवलं नाही, हे मला सगळ्यात जास्त लागलं. ठेवणार कसं? डिस्कवर नाव माझं, नंबर माझा. त्याचा माल खपवायला मीच माझं नाव शाईने छापून दिलं होतं.

लॅमिंग्टन रोडला गेलो. पत्त्यावर मोबाईल कव्हरचं दुकान. ते म्हणाले, तो इथे फक्त काउंटर भाड्याने घेऊन बसायचा. वकिलांना विचारलं. ते म्हणाले, स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतलेल्या मालाबद्दल ग्राहक मंचात जाता येतं, धंद्यासाठी घेतला म्हणून लगेच दार बंद होत नाही. बिल दाखवा. मी वहीचं पान दाखवलं. त्यांनी ते उलटंपालटं करून परत दिलं.

आता कुणी प्रिंटेबल डिस्क घेणार असाल तर दुकानदार देईल ती वरची डिस्क घेऊ नका. खोकं उलटं करा, मधली आणि तळाची काढा. तिन्ही शेजारी ठेवून खालच्या जांभळ्या रंगाची छटा आणि भोकाभोवतीचं प्लास्टिकचं वर्तुळ बघा. एका खोक्यातल्या डिस्क जुळ्या बहिणींसारख्या दिसल्या पाहिजेत. एक डिस्क काठोकाठ भरून राईट करा, व्हेरिफाय करा आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या प्लेअरवर शेवटची दहा मिनिटं चालवून बघा. छापून झालं की एक दिवस वाळू द्या, मग ओलं बोट. कुणी म्हणेल प्रिंटेबल महाग पडतात, साध्यावर कागदी स्टिकर लावा, तर त्याचंही ऐकू नका. स्टिकर वाकडा बसला की डिस्क फिरताना डोलते, आणि गरम प्लेअरमध्ये त्याची कड सुटते.

आणि नावावर जाऊ नका. ताईयो युदेनने २०१५ मध्येच या धंद्यातून बाहेर पडायचं जाहीर केलं, त्यांची यंत्रणा तैवानच्या सीएमसीकडे गेली. व्हर्बेटिमही २०१९ मध्ये त्याच सीएमसीने घेतली. आपल्याकडची मोझर बेअर दिवाळखोरीत निघाली. आज कुणी "ओरिजिनल जपानी, नवीन स्टॉक" म्हणत असेल तर तो एक तर जुना माल नवा म्हणून विकतोय किंवा नुसता कागद विकतोय.

नुसता कागद म्हणतोय त्यालाही कारण आहे. माझ्याकडे त्या लॉटमधल्या दोनशेच्या वर डिस्क माळ्यावर पडून होत्या. गेल्या वर्षी एक पोरगा आला, जुन्या स्टुडिओंमधून कोऱ्या डिस्क गोळा करत फिरत होता. मी त्याला स्वच्छ सांगितलं, या खराब आहेत, यावर काही टिकत नाही. त्याने एकही डिस्क हातात घेतली नाही. म्हणाला, "डिस्क नको, दादा. खोक्याचा वरचा नावाचा कागद ठेवलाय का? एकेकाचे वीस रुपये देतो."

मी नाही म्हणालो. तो गाडीला किक मारून पुढच्या स्टुडिओकडे गेला.