सिंक्रोनस ऑब्जेक्ट्स साइट: फुकट आहे, एकदा बघाच

डान्स आणि टेक्नॉलॉजी म्हटलं की आपल्याकडे मागे मोठी एलईडी स्क्रीन लावून त्यावर मोर नाचवतात, त्याला कंटाळला असाल तर ही साइट उघडा. कोरिओग्राफर विल्यम फोरसाइथचा २००० सालचा 'वन फ्लॅट थिंग, रिप्रोड्यूस्ड' हा डान्स पीस आहे ना, २० टेबलं आणि १७ डान्सर, तो पहिल्यांदा बघताना नुसता गोंधळ वाटतो, कोण कुणाकडे बघून काय करतंय काही म्हणजे काही कळत नाही. ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीवाल्यांनी त्याचा डेटा काढला आणि २००९ मध्ये ही साइट आणली, व्हिडिओवरच रंगीत रेघा ओढल्यात, म्हणजे कुणी कुणाला क्यू (हालचाल सुरू करायचा इशारा) दिला, कुठे दोघांच्या हालचाली क्षणभर जुळल्या, सगळं दिसतं. क्यूवाला भाग बेस्टच, कथकवाल्यांना तबलजीशी होणारी नजरानजर आठवेल. त्याच डेटावरून फर्निचरच्या रचना वगैरे बनवल्यात ते ठीक, टाइमपास. इंग्लिश मजकूर जरा जड आहे, सोडून दिलात तरी चालेल. फक्त मोबाइलवर नका बघू, रेघा बारीक आहेत, लॅपटॉपच घ्या. साडेचार स्टार.