रिकामा फीडर हलवून दाखवणाऱ्यांपासून सावध राहा: माझे ७,८७,५०० रुपये असे गेले

क्रशरच्या धंद्यात जुनी यंत्रे रंगवून 'जवळजवळ नवी' म्हणून खपवली जातात, हे इंदूरच्या सियागंजात सुटे भाग शोधत फिरणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही. तरीही २०२४ च्या पावसाळ्यानंतर, हंगामाच्या तोंडावर, मी परराज्यातल्या एका व्यापाऱ्याकडून व्हायब्रेटिंग ग्रिझली फीडर, म्हणजे थरथरत दगड क्रशरच्या तोंडात सरकवणारे यंत्र, घेतला. किंमत ६,८०,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी १,२२,४००, म्हणजे बिल ८,०२,४०० रुपयांचे. पैकी ३,००,००० आगाऊ आणि ४,५०,००० गाडी भरण्यापूर्वी दिले, वाहतुकीचे २८,५०० आणि क्रेनचे ९,००० वेगळे. उरलेले ५२,४०० तेवढे माझ्या हातात राहिले.

ही खरेदी हौसेची नव्हती. महूच्या पुढे आमचा ३० बाय २० इंची तोंडाचा जॉ क्रशर, म्हणजे लोखंडी जबड्याचे दगड फोडायचे यंत्र, माळव्याचा काळा बेसाल्ट फोडतो, आणि तोवर डंपर मागे घेऊन माल थेट उतरत्या पत्र्यावर ओतला जात असे. असा माल कधीच एकसारखा येत नाही. घटकाभर जबडा रिकामा हलतो, नंतर मुरूम आणि चुरा तळाशी घट्ट बसून मोटरचा अँपिअर चढतो, आणि २० इंचांच्या तोंडाला साधारण १६ इंचांहून मोठा दगड आला की तो आडवा अडकतो. मग कोणीतरी पहार घेऊन वर चढतो. यंत्र बंद करून, फ्लायव्हील थांबल्याची खात्री करूनच चढावे असा नियम मी लावला होता, पण मी प्लांटवर नसताना तो किती पाळला जात असे, हे मला ठाऊक होते. फीडर असला की माल ठरावीक वेगाने पुढे सरकतो, माती-मुरूम ग्रिझलीच्या, म्हणजे जाळीसारख्या, दांड्यांतून आधीच गळून जातो आणि माणसाला त्या तोंडाशी जावेच लागत नाही. पैसे मी यासाठी घातले.

व्यापाऱ्याने फीडर आपल्या आवारात चालवून दाखवला, पण रिकामा. रिकामा फीडर कोणताही झकासच हलतो; बेअरिंग, शाफ्ट आणि स्प्रिंग यांची खरी परीक्षा तो दगडांनी भरल्यावर होते. मी म्हणालो की दोन बकेट दगड टाकून दाखवा. तो हसून म्हणाला की शेजारी गोदाम आहे, धुळीची तक्रार होते, आणि शिवाय आवारात दगड आणायचा कुठून? फाटकाच्या आत डाव्या हाताला गिट्टीचा आणि दगडांचा चांगला पुरुषभर ढीग पडलेला होता. आमची गाडी त्याच ढिगाला वळसा घालून आत आली होती. तो ढीग मी पाहिला होता, माझ्याबरोबरच्या मिस्त्रीने पाहिला होता, आणि 'दगड कुठून आणू' हे वाक्य ऐकून आम्ही दोघेही मान डोलावून पुढच्या गोष्टीकडे वळलो. आज रात्री-अपरात्री जाग येते ती त्या ढिगामुळे. नावपट्टी जुनी आणि तिचे रिव्हेट मात्र चकचकीत, हेही तेव्हा दिसलेच होते. फीडरच्या बाजूला स्ट्रोक, म्हणजे थरथरण्याचा पल्ला, मोजण्याचे कार्ड चिकटवू द्या म्हटले, तर रंग ओला आहे म्हणून तेही टाळले. यंत्र वापरलेले म्हणून विकायचे आणि रंग ओला!

पण मी डोळे मिटून पैसे दिले असे कोणी समजू नये. जीएसटी क्रमांक पोर्टलवर चालू दिसत होता, ई-वे बिल रीतसर निघाले होते, अनुभवी मिस्त्री सोबत होता. हंगाम डोक्यावर असताना याहून अधिक कोण काय पाहतो?

बसवल्यावर माल पडताच बेअरिंगच्या घरांना हात लावता येईना, मग जळक्या ग्रीसचा वास आला आणि शाफ्ट जाम झाला. इंदूरच्या सांवेर रोडच्या कारागिराने खोलल्यावर आत काय होते ते कळले. कंपन-यंत्राला लागणारी, सी-४ म्हणजे जास्त अंतर्गत मोकळीक असलेली बेअरिंग नव्हतीच. साधी बेअरिंग होती आणि त्यांच्यावरचा नावाजलेल्या कंपनीचा क्रमांक हाताने कोरलेला होता. साइड प्लेटची चीर वेल्ड करून, लांबी म्हणजे पुट्टी भरून रंगवली होती, आणि सतत थरथरणाऱ्या पत्र्यावर असा जोड टिकत नाही, चीर त्याच्या शेजारून पुन्हा चालू लागते. ग्रिझलीच्या दांड्यांतली फट पुढे रुंदावत जायला हवी, म्हणजे दगड अडकत नाही. इथे दांडे सरळ समांतर होते. मोटर १५ अश्वशक्तीची आणि तिचा वेग बदलणारा व्हीएफडी १० चा, वर १५ चे स्टिकर. साइड प्लेटवरून ओले फडके फिरवा, लांबी कळते. बेअरिंगचे झाकण उघडल्याशिवाय दुसरा हप्ता देऊ नका. आणि बँक खाते बिलावरच्या नावाचेच असले पाहिजे. माझे ४,५०,००० भलत्याच नावावर गेले.

पोलीस ठाण्यात अर्ज वाचण्यापूर्वीच उत्तर मिळाले की हा दिवाणी व्यवहार आहे. भारतीय न्याय संहितेचे फसवणुकीचे कलम ३१८ दाखवले, तर व्यापारी ज्या हद्दीत आहे तिथे जा म्हणाले. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कोठेही घडलेला असला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते, असे सांगितल्यावर साहेब बैठकीला गेले आणि परत आले नाहीत. ग्राहक आयोगात कळले की व्यापारी हेतूने घेतलेल्या मालाची तक्रार तिथे चालत नाही. वाणिज्य न्यायालयात जायचे तर तातडीचा अंतरिम आदेश मागितल्याशिवाय कलम १२-अ प्रमाणे आधी मध्यस्थी, आणि मध्यस्थीला समोरचा येतच नाही. कारखाना अधिनियमात, १९८७ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ७-ब मध्ये, यंत्र पुरवणाऱ्यावरही सुरक्षिततेची जबाबदारी टाकली होती म्हणून निरीक्षकांकडे गेलो, तर त्यांनी माझ्याच क्रशरच्या तोंडाभोवती कठडा आहे का ते विचारले. कठडा होता. तरीही व्यापाऱ्याबद्दल त्यांनी एक ओळ लिहिली नाही. या सगळ्यांवर कडी जीएसटी कार्यालयाने केली. व्यापाऱ्याची नोंदणी मागील तारखेपासून रद्द झाली, त्याने कर भरलाच नव्हता, म्हणून मी घेतलेले १,२२,४०० रुपयांचे क्रेडिट, म्हणजे खरेदीवरच्या कराची वजावट, १८ टक्के व्याजासह परत करा अशी नोटीस मला आली. ज्याने कर बुडवला तो कोणाला सापडत नाही, मी मात्र पत्त्यावर बरोबर सापडतो.

दरम्यान पोरे पुन्हा पहार घेऊन क्रशरच्या तोंडाशी जाऊ लागली, म्हणून मी प्लांट बंद ठेवला आणि भाड्याचा रॉक ब्रेकर आणून दगड खाणीवरच १६ इंचांच्या आत फोडून घेतला. हे सुरुवातीलाच करायला हवे. फीडर कितीही चांगला असला तरी मोठा दगड त्याच्यावर टाकायचा नाही, आणि हॉपर, म्हणजे माल ओतायचा डबा, कधी पूर्ण रिकामा करायचा नाही, तळाशी मालाचा थर राहू द्यायचा, म्हणजे डंपरचा मार थेट पत्र्यावर बसत नाही.

गेल्या महिन्यात एका दलालाचा फोन आला, 'काका, तो फीडर जसा आहे तसा १,४०,००० ला घेतो.' मी दिलेला नाही. तो पुरावा आहे. पण त्याच व्यापाऱ्याचे याच साच्यातले आणखी फीडर बाजारात असणारच, तेव्हा वापरलेला १० बाय अडीच फुटी फीडर कोणी दाखवला, तर मागच्या स्प्रिंगच्या वर, डाव्या साइड प्लेटवर आधी बोट फिरवा. माझ्या फीडरवर तिथे रंगाखाली वेल्डची तीन इंची रेघ आहे.