अबू धाबी की ओमान? पाच दिवसांच्या सुट्टीचा हिशोब

दुबई बघून झाली आहे किंवा दुबई नकोच आहे, पण आखातात चार-पाच दिवस जायचंय, अशा लोकांची गाडी हमखास अबू धाबी की ओमान इथे येऊन अडकते. दोन्ही एकमेकांना लागून, मुंबईहून विमान तीन तासांच्या आसपास, ओमानची राजधानी मस्कत थोडी आणखी जवळ. दोघांनीही तेलावर घर बांधलं आणि आता पर्यटनावर घर चालवायला शिकताहेत.

फरक तेलाच्या साठ्यात आहे. संयुक्त अरब अमिरातीचं नव्वद टक्क्यांहून जास्त तेल एकट्या अबू धाबीकडे, म्हणजे नऊ-दहा हजार कोटी बॅरल. ओमानकडे सुमारे ५०० कोटी. त्यामुळे अबू धाबीने बघण्याजोगं जे हवं ते विकत घेतलं, बांधलं. ओमानने जे होतं तेच नीट राखलं, कारण उधळायला तेवढे पैसे नव्हतेच. ओमानला तर २०२८ पासून मोठ्या कमाईवर ५ टक्के आयकर लागू होतोय, आणि आखाती देशांत असं करणारा तो पहिलाच.

अबू धाबीत पहिल्या दिवशी शेख झायेद मशीद. प्रवेश फुकट, पण ऑनलाइन नोंदणी आधी करून ठेवा. ८२ घुमट, पांढराशुभ्र संगमरवर आणि आत ५,६२७ चौरस मीटरचा अखंड इराणी गालिचा. गंमत म्हणजे त्याआधी सगळ्यात मोठ्या गालिच्याचा मान मस्कतच्या सुलतान काबूस मशिदीकडे होता. शेजाऱ्यांची ईर्षा अशीही असते!

मग सादियात बेटावरचं लूव्र, पॅरिसच्या प्रसिद्ध संग्रहालयाचं नाव घेतलेलं संग्रहालय. नुसतं ते नाव वापरण्यासाठी फ्रान्सला ४० कोटी युरो मोजले, हे ऐकून मी नाक मुरडलं होतं. पण फ्रेंच वास्तुकार झां नुव्हेलने रचलेल्या त्या १८० मीटर रुंद घुमटाखाली उभं राहिल्यावर गप्प बसलो. जाळीच्या आठ थरांतून ऊन गळतं आणि पांढऱ्या भिंतींवर कवडसे सरकत राहतात. झावळ्यांनी शाकारलेल्या मांडवात दुपारी बसल्यासारखं वाटतं. सोमवारी बंद असतं, तेवढं लक्षात ठेवा.

मुलं बरोबर असतील तर यास बेटावर दोन दिवस कुठे जातात कळत नाही: फेरारी वर्ल्ड, वॉर्नर ब्रदर्स, सीवर्ल्ड. तिकिटांनी खिसा रिकामा होतो, पण सगळं वातानुकूलित. आजी-आजोबा असतील तर २०२४ मध्ये खुलं झालेलं दगडी कोरीवकामाचं बीएपीएस (स्वामिनारायण) मंदिर दाखवायला न्याच. टॅक्सी लगेच मिळते, व्हीलचेअर सगळीकडे जाते.

ओमानचं मात्र तसं नाही. तिथे मजा गाडी भाड्याने घेण्यात आहे, आणि गाडी चालवणारं कुणी नसेल तर निम्मं ओमान राहून जातं. आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्या, स्टिअरिंग डावीकडे आहे याची मनाची तयारी ठेवा. जबल अखदरच्या डोंगरावर चढायचं तर फोर-व्हील ड्राइव्हच लागते, पोलिस चौकीवर साधी गाडी परत पाठवतात. आणि आभाळ भरून आलं असेल तर वादीत, म्हणजे डोंगरातल्या कोरड्या नदीपात्रात, उतरू नका. पाणी लोंढ्याने येतं.

पण मिळतं काय? निझवा गावातला शुक्रवारचा गुरांचा बाजार. सकाळी सातच्या सुमारास गोल मांडवाभोवती माणसं उकिडवी बसलेली, आणि विकणारे शेळ्या-बोकडं दोरीने ओढत त्यांच्यासमोरून फेऱ्या मारताहेत. कुणीतरी हात करून थांबवतो, बोकडाचं तोंड उघडून दात बघतो, मान हलवतो, की फेरी पुन्हा सुरू. आपल्याकडच्या आठवडी बाजारात वाढलेल्या माणसाला भाषा न कळताही सगळं कळतं. शेजारीच ओमानी हलवा आणि वेलचीचा कहवा. विकणारा ओमानी, घेणारा ओमानी, मस्कतचा टॅक्सीवालाही ओमानी, कारण टॅक्सी चालवायचा हक्कच नागरिकांना आहे. अबू धाबीत चार दिवसांत माझी एकाही स्थानिक माणसाशी गाठ पडली नाही. केरळी आणि पाकिस्तानी खूप भेटले.

मस्कतमध्ये उंच टॉवर नाहीत, पांढऱ्या बुटक्या इमारती आणि मागे काळेकभिन्न डोंगर. तिथलं जुनं शिवमंदिर कच्छी भाटिया व्यापाऱ्यांचं. ओमानात १९७० पर्यंत आपल्या रिझर्व्ह बँकेने छापलेला ‘आखाती रुपया’ चालत होता. आजही एका रियालचे हजार बैसा होतात. आपला पैसाच तो.

जून ते सप्टेंबर दरम्यान दक्षिण ओमानमधल्या सलालाची पॅकेजेस विकली जातात: रिमझिम, हिरवे डोंगर, धुकं. आपल्यालाच भिजवणारा नैऋत्य मान्सून तिथेही शिडकावा करून जातो. अरबांना त्याचं केवढं अप्रूप! कुटुंबंच्या कुटुंबं सतरंज्या घेऊन झिमझिम पावसात बसतात. पण आंबोली सोडून तुम्ही तिकिटाचे पैसे भरून धुकं बघायला जाणार असाल, तर कोपरापासून नमस्कार.

माझं म्हणाल तर लहान मुलं आणि गुडघे दुखणारे ज्येष्ठ बरोबर असतील तर डोळे मिटून अबू धाबी. फक्त दोघं किंवा मित्रांची गाडीभर टोळी असेल तर ओमान, आणि मी स्वतः पुन्हा गेलो तर ओमानलाच. दोन्हींना नोव्हेंबर ते फेब्रुवारीच जा, उन्हाळ्यात पारा ४५ ला टेकतो. ओमान ठरलं तर तारखा अशा बसवा की गुरुवारची रात्र निझवात पडेल. मस्कतची मोठी मशीद त्याच गुरुवारी सकाळी आठ ते अकरात उरकून घ्या, शुक्रवारी ती बाहेरच्यांना बंद असते.