पेंटॅक्सची ४३ मिमी लिमिटेड: हौसेची लेन्स

१९९७ ला आलेली पेंटॅक्स या कॅमेरा ब्रँडची एफए ४३ मिमी एफ/१.९ लेन्स अजून विकली जाते, २०२१ ला काचेला नवीन कोटिंग देऊन परत काढली, यातच सगळं आलं. फुल फ्रेम, म्हणजे ३६ × २४ मिमी सेन्सरचा कर्ण साधारण ४३ मिमी, म्हणून हा विचित्र आकडा. वजन जेमतेम दीडशे ग्रॅम पण सगळी ॲल्युमिनियमची, अपर्चर रिंग (प्रकाश कमी-जास्त करायची कडी) बोटाने टक टक फिरते ना, तेवढ्यासाठीच लोक पैसे मोजतात बहुतेक. धातूने फोटो चांगला येत नाही हो! पण धंदा म्हणून फोटो काढणाऱ्यांना झूम लागतो, हौशी माणसाला हातात घ्यावंसं वाटणारं काहीतरी हवं, आणि अशी लेन्स घेतली की माणूस दुसऱ्या माउंटकडे (म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या लेन्स-जोडणीच्या कॅमेऱ्याकडे) सहसा बघत नाही, कंपनीचा हिशोब तोच असणार. ऑटोफोकस मात्र कॅमेऱ्याच्या बॉडीतल्या मोटरवर, त्यामुळे घरघर ऐकायची तयारी ठेवा.