जुन्या गाड्या, ग्लॅमर शूट आणि गोडॉक्स एडी६०० प्रो

बडोद्यात फोटोशूटसाठी जुनी फियाट किंवा ॲम्बेसेडर भाड्याने आणणाऱ्यांना हा फ्लॅश कामाचा. ६०० वॉट-सेकंदांची ताकद, बोवेन्स माउंट (सॉफ्टबॉक्ससारखी साधनं बसवायची प्रचलित खाच), आणि बॅटरी अंगालाच जोडलेली. पूर्ण ताकदीवर सुमारे ३६० वेळा चमकतो. उघड्यावर विजेची वायर ओढावी लागत नाही.

सॉफ्टबॉक्स, म्हणजे उजेड मऊ करणारी कापडी पेटी, मात्र थेट गाडीवर रोखू नका. पॉलिश केलेला रंग आरसाच असतो, बॉनेटवर पांढरा चौकोन उमटतो. ८ बाय १२ फुटांचं पांढरं कापड गाडीला समांतर ताणा आणि फ्लॅश त्यावर मारा. मडगार्डच्या वळणावर एकच लांब, मऊ रेघ येते. कापडाची सुरकुतीही दिसते, तेव्हा इस्त्री आधी! मॉडेलच्या चेहऱ्याला वेगळा दिवा, ब्यूटी डिशवर (फ्लॅशपुढच्या पसरट वाटीवर) ग्रिड, म्हणजे उजेड पसरू न देणारी जाळी, लावून, नाहीतर उजेड दारावर सांडतो. लेन्सवर लावायचा पोलरायझर फिल्टर काच आणि रंगावरची चमक कमी करतो. क्रोमच्या बंपरवर त्याची मात्रा चालत नाही, तिथे समोर काळं कापड धरा.

मावळतीला शटर १/२०० सेकंद, ॲपर्चर एफ ८, आयएसओ १०० पासून सुरुवात करा. शटर सिंक-मर्यादेपलीकडे, म्हणजे फ्लॅशशी नेहमीच्या पद्धतीने जुळणाऱ्या कमाल वेगापलीकडे, नेलं की हाय-स्पीड सिंक ही फ्लॅशची खास पद्धत लागते आणि ताकद बरीच घटते. फ्लॅशमधला ३८ वॉटचा मॉडेलिंग दिवा (उजेड कुठे पडेल ते आधी दाखवणारा, सतत जळणारा) उन्हात निरुपयोगी. वजन ३ किलोच्या आसपास, त्यामुळे स्टँडला वाळूची पिशवी हवीच.