रेकॉर्ड की सीडी? जांभ्यावरच्या घरातून

गणपतीला मुंबईहून येणाऱ्यांपैकी एक तरी दरवर्षी ओटीवर बसून हाच प्रश्न काढतो: गावच्या घरी गाणं ऐकायला काय ठेवू, टर्नटेबल की सीडी प्लेअर? अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर त्याच्याकडे असतात, पैसे एकाच गोष्टीपुरते असतात आणि मनातून टर्नटेबल ठरलेलं असतं. माझ्याकडून फक्त 'घे' एवढं ऐकायचं असतं. मी दोन्ही घेऊन बसलोय. आधी टर्नटेबल, तीन वर्षांनी सीडी प्लेअर. घर रत्नागिरीच्या दक्षिणेला, समुद्रापासून दीडेक किलोमीटरवर, जांभ्याच्या सड्याला, म्हणजे कातळी पठाराला, लागून. घराची ही जागा पुढे महत्त्वाची ठरते.

मोबाइलवरच्या गाण्याचा विचार मी इथे करत नाही. मृग लागला की आमचं नेट पागोळ्यांबरोबर वाहून जातं.

आवाजाबद्दल मला भांडायचं नाही. चांगल्या स्थितीतली रेकॉर्ड लागली की डग्ग्याला जी गोलाई येते, ती मला सीडीवर क्वचित मिळाली. शिवाय जुन्या ध्वनिमुद्रणांच्या सीडी काढताना काहींनी खरखर घालवायच्या नादात तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा तो गुंजता नाद, हीही पुसून टाकली आहे. गायक कापसात गुंडाळून बसवल्यासारखा वाटतो. अशा वेळी कोलकात्याजवळ डमडमच्या एचएमव्हीच्या कारखान्यात दाबलेली, थोडी कडकडणारी का होईना, रेकॉर्डच बरी. नाट्यसंगीताच्या बाबतीत तर मी हे जरा जोरातच म्हणेन.

वेळेचं गणित मात्र उलटं आहे. लाँग प्लेची एक बाजू २०-२२ मिनिटांची. ती १९४८ साली आली तेव्हा केवढी चैन वाटली असेल, कारण त्याआधी मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर सगळा राग तीन-साडेतीन मिनिटांत उरकावा लागे. आमच्या शेजारच्या गोव्यातल्या, केरीच्या गायिका केसरबाई केरकरांची जी भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेली, तीही तेवढीच. रेकॉर्डवरचा ख्याल सीडीवर आला म्हणून लांबत नाही. गाणाऱ्याने तो बाजूच्या मापानेच बेतलेला असतो. पण मैफलीत थेट मुद्रित केलेला, ५०-५५ मिनिटं चाललेला एकच राग हवा असेल तर सीडीकडेच जावं लागतं. विलंबितात रमणाऱ्याने हे आधी बघावं.

बुरशीची भीती सगळेच घालतात. ती खोटी नाही, पण माझ्या अनुभवात तिने काही ठरवलं नाही. रेकॉर्डचं वेष्टन आधी बिघडतं. तबकडी शुद्ध पाण्याने आणि थेंबभर सौम्य साबणाने धुतली की बऱ्याच वेळा जिवंत होते. सीडीचीही यातून सुटका नाही. आतले कागद एकमेकांना चिकटतात, आणि ऐन आषाढात प्लेअरचं भिंग धुरकटून तो तबकडी आत घेतो पण ओळख दाखवत नाही. अर्धा तास नुसता चालू ठेवला की आतून गरम होऊन ताळ्यावर येतो. दोन्हीकडे सारखाच ताप, म्हणून हा मुद्दा मी वजनात धरत नाही.

धरतो तो हम.

स्पीकरमधून येणारी ती बारीक घूं, गांधीलमाशी कौलात अडकल्यासारखी. सीडी प्लेअर अ‍ॅम्प्लिफायरला जास्तीत जास्त २ व्होल्टपर्यंत देतो. टर्नटेबलच्या नेहमीच्या, चुंबक हलणाऱ्या कार्ट्रिजमधून, म्हणजे सुई बसवलेल्या डबीतून, निघतात साधारण ५ मिलिव्होल्ट. म्हणजे जवळपास ४०० पट कमी. तेवढं ते उचलून घ्यायचं, आणि त्यात रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम दाबलेला असतो, तो वाजवताना पुन्हा वर काढायचा. या भरपाईत ५० हर्ट्झ हा १ किलोहर्ट्झच्या तुलनेत सुमारे ७ पट वाढतो. आणि घरातल्या विजेची कंपनसंख्या नेमकी ५०. तारेत, ट्रान्सफॉर्मरजवळ, कुठेही शिरलेली घूं फोनो स्टेज, म्हणजे ही वाढ-भरपाई करणारा अ‍ॅम्प्लिफायरचा भाग, अशी पाहुण्यासारखी पुढे आणून बसवतो.

शहरातल्या फ्लॅटमध्ये हे बहुधा एका जमिनीच्या तारेने मिटतं. माझ्याकडे मिटलं नाही. तार बदलली, टर्नटेबल अ‍ॅम्प्लिफायरपासून हातभर लांब नेलं, प्लग उलटसुलट करून पाहिले. शेवटी वायरमनने घरामागे नेऊन अर्थिंगचा खड्डा दाखवला. माडाच्या मुळाशी, मीठ आणि कोळसा घालून केलेला, वडिलांच्या वेळचा. जांभा हा भोकाभोकांचा दगड. पावसात पाणी पितो आणि फेब्रुवारीपासून असा सुकत जातो की अर्थिंगची पट्टी कोरड्या दगडात नुसती उभी. 'दोन कळश्या ओता,' तो म्हणाला. ओतल्या. अर्ध्या तासात हम निम्म्यावर आला. मीटर लावून मोजायची माझी ऐपत नाही. माझं मोजमाप आवाजाच्या बटणाचं, घड्याळासारखं: श्रावणात काटा एक वाजेपर्यंत नेला तरी शांत, मे महिन्यात त्याआधी, अकरालाच घूं. तेव्हापासून उन्हाळ्यात रेकॉर्ड लावायच्या आधी मी कळशी घेऊन मागे जाऊ लागलो. आई म्हणायची, "अरे, माडाला पाणी घालतोयस की त्या गाण्याच्या डब्याला?"

नवा खड्डा करून घेतला, फरक पडला. पण पुरता गेला नाही, आणि एकदा कान तिकडे लागला की मागे येत नाही. पेटीच्या पांढरी एक या पट्टीत गाणाऱ्या गायकाच्या तानपुऱ्यातली पंचमाची तार साधारण ९८ हर्ट्झवर असते. विजेच्या हमची दुप्पट १००. दोन्ही एकत्र वाजले की पंचम सेकंदाला दोनदा डोलतो. ऐन आलापात, गायक षड्जावर स्थिर उभा आणि माझ्या घरचा पंचम पाण्यातल्या होडीसारखा. दुसऱ्या कुणाला तो ऐकू येत नाही, हे मी कबूल करतो. मला येतो.

त्यात इन्व्हर्टर. पावसात वीज जायची आणि गाणं ऐकावंसं वाटायचं, या दोन वेळा आमच्याकडे एकच. माझा इन्व्हर्टर स्वस्तातला, चौकोनी लहरींचा. त्याच्यावर टर्नटेबल लावलं तर हमच्या जागी करवत येते. सीडी प्लेअरवरही अ‍ॅम्प्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर जरा कुरकुरतो, पण ते कुरकुरणं पेटीतच राहतं, गाण्यात उतरत नाही. शुद्ध साइन लहरींचा इन्व्हर्टर घेतला तर हा त्रास कमी होईल हे खरं, फक्त त्याची किंमत टर्नटेबलच्या किमतीत धरून बघा.

तुमचं घर मातीच्या जमिनीवर, नदीकाठी असेल, अर्थिंग ओलं राहत असेल, तर माझं सगळं म्हणणं बाजूला ठेवता येईल. चोर बाजारात तासभर वाकून एक चांगली प्रत हाती लागण्यातला आनंद सीडीच्या दुकानात कधी नव्हता, आणि आता तर दुकानंही फारशी नाहीत. नवे प्लेअर कमी मिळतात. मी घेतला तोही जुनाच. तरी एक करा. पैसे देण्याआधी कुणाचं तरी टर्नटेबल एका दिवसासाठी घरी आणा. तेही मे महिन्यात, भर दुपारी. बटण नेहमीच्या जागी, सुई वर, तबकडी थांबलेली. पंधरा मिनिटं नुसते बसा. काही ऐकू आलं नाही तर खुशाल घ्या.

माझं टर्नटेबल मी विकलेलं नाही. घटस्थापनेपासून संक्रांतीपर्यंत, जमीन ओली आणि वीज बऱ्यापैकी जाग्यावर असते तोवर, त्याच्यावरचं कापड निघतं. बाकीचे आठ महिने सीडी.